पारितोषिकाची नियमावली आणि वाढवणची वही

साहित्य पुरस्कार देणाऱ्या संस्थेचा समन्वयक व्यासपीठावर बसत नाही. निमंत्रण पत्रिकेत त्याचे नाव सर्वांत खाली, 'आपले विनम्र' या शब्दांनंतर बारीक अक्षरात छापलेले असते. अध्यक्ष बोलतात, प्रमुख पाहुणे बोलतात, पुरस्कारप्राप्त लेखक मनोगत व्यक्त करतात, तेव्हा समन्वयक पाहुण्यांच्या परतीच्या रिक्षेची सोय बघत दाराशी उभा असतो. परंतु वाचकहो, कोणते लेखन परीक्षकाच्या हातात पडणार आणि कोणते पडणार नाही, याचा पहिला निर्णय हाच माणूस घेतो. प्रस्तुत लेखकाने हे काम काही वर्षे केले आहे आणि त्या कामात हातून घडलेली एक चूक आज जाहीरपणे सांगायची आहे.

आमचा न्यास छोटा. रेल्वे, पोस्ट आणि महापालिकेतून निवृत्त झालेल्या, चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसांनी आपल्या निवृत्तिवेतनातून वर्गणी काढून तो उभा केला. बँकेतल्या ठेवीच्या व्याजातून दरवर्षी कविता, कथा-कादंबरी, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांना पुरस्कार द्यायचे, एवढाच त्याचा व्याप. समन्वयकाला पगार नाही. टपालखर्च आणि प्रवासभाडे मिळते, तेही पावती दाखवल्यावर. वर्तमानपत्रांना जाहिरात पाठवायची, आलेली पुस्तके नोंदवहीत उतरवायची, लेखकांना पोच द्यायची, परीक्षकांच्या घरी गठ्ठे नेऊन टाकायचे, त्यांच्याकडून मुदतीत गुण मिळवायचे, दोघांचे एकमत झाले नाही तर तिसरा शोधायचा, सभागृह ठरवायचे, धनादेशावर दोघा विश्वस्तांच्या सह्या घ्यायच्या आणि वर्षाच्या शेवटी धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या हिशेबात प्रत्येक रुपयाची पावती जोडायची. हे काम करणाऱ्याला साहित्य वाचायला वेळ मिळत नाही, हे गमतीने म्हटले जाते. पण ते बरेचसे खरे आहे.

आमच्या नियमावलीतला तिसरा नियम असा होता की, पुस्तक मागील वर्षात छापलेले असावे, त्यावर प्रकाशकाचे नाव व किंमत असावी आणि त्याच्या चार प्रती पाठवाव्यात. हा नियम आम्ही तयार केलेला नव्हता. इतर संस्थांच्या जाहिराती समोर ठेवून तो उतरवून घेतला होता. बहुतेक पुरस्कारांचे नियम असेच एकमेकांवरून उतरवलेले असतात.

एके वर्षी मुदत संपण्याच्या आठवड्यात एक जाड पाकीट आले. डहाणू तालुक्यातल्या वाढवण गावाहून. आत दोनशे पानी वही, निळ्या शाईत लिहिलेली. मच्छीमार घरातल्या एका तरुण मुलीने आपल्या आजीकडून ऐकलेले त्यात उतरवले होते. लग्नाची आणि होळीची गाणी होती, समुद्रातल्या खडपांची नावे होती, उधाणाला कुठे जायचे आणि भांगाला कुठे थांबायचे याची माहिती होती, बुडालेल्या होड्यांच्या कहाण्या होत्या. सोबत चिठ्ठी होती : छापायला पैसे नाहीत, वही चालेल का? मी नोंदवहीत नाव लिहिले, पुढच्या रकान्यात 'अपात्र' असे लिहिले आणि नियम क्रमांक ३ चा हवाला देणारी दोन ओळींची छापील चिठ्ठी जोडून ती वही परत पाठवली. त्या दिवशी मला त्यात काहीही वावगे वाटले नाही. नियम सर्वांना सारखा, असे मी स्वतःला सांगितले.

सर्वांना सारखा नियम! हा युक्तिवाद आपण कुठे ऐकला आहे? राखीव जागांच्या विरोधात मोर्चे काढणारे हेच म्हणत आले आहेत. परीक्षा सर्वांना एक, गुण सर्वांना एक, मग सवलत कशाला? ज्याच्या घरात तीन पिढ्या पुस्तके आहेत आणि ज्याच्या घरात पहिली वही आत्ता आली आहे, त्या दोघांना एकाच दोरीने मोजणे ही समता नव्हे, हे आपण त्यांना शंभर वेळा सुनावले आहे. मग आपल्याच न्यासाच्या टेबलावर तीच दोरी मी कशी काय वापरली?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला चळवळीच्या इतिहासाकडे गेले पाहिजे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. त्या काळी ही रक्कम मोठी होती. महाराजांनी चार छापील प्रती मागितल्या नाहीत, कारण छापील असे काही नव्हतेच. ते छापले जावे म्हणूनच तर पैसे द्यायचे होते. त्यानंतर छत्तीस वर्षांनी काय झाले? १४ सप्टेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून आपल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या सुमारे पाचशे प्रती सरकारने विकत घ्याव्यात, अशी विनंती केली. बुद्धजयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, असे उत्तर आले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली. घटनेच्या शिल्पकारालाही आपला ग्रंथ छापून लोकांपर्यंत नेण्यासाठी पत्रे लिहावी लागली, तर वाढवणच्या मुलीने छापील पुस्तक कुठून आणायचे?

प्रस्थापित साहित्यव्यवहाराने आपल्या लेखकांना पुरस्कार दिलेच नाहीत, असे म्हणता येणार नाही. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ला १९८१ मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ मध्ये साहित्य अकादमीने गौरविले. पण पुरस्कार मिळाला म्हणून प्रश्न सुटला का? अण्णा भाऊंचे १९६९ मध्ये हलाखीतच निधन झाले. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार त्यांच्याकडे २००७ मध्ये पोचला आणि पुढच्याच वर्षी ते गेले. चव्वेचाळीस वर्षे हा फार लांबचा पल्ला आहे. पुरस्कार उशिरा देणे हासुद्धा न देण्याचाच एक प्रकार असतो.

आणि पुरस्कारासोबत काय काय येते, हेही पाहिले पाहिजे. २००४ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषदेने उर्मिला पवार यांच्या 'आयदान' या आत्मकथनाला लक्ष्मीबाई टिळक पुरस्कार जाहीर केला. समारंभाची सुरुवात सरस्वतीच्या पूजनाने होणार होती. एकाच धर्माची प्रतीके साहित्याच्या नावाने सर्वांवर का लादता, असा प्रश्न पत्राने विचारून उर्मिलाताईंनी तो पुरस्कार नाकारला. सरकारी पुरस्कारांची गोष्ट आणखी वेगळी. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला राज्य शासनाने एक लाखाचा पुरस्कार जाहीर केला आणि आठवडाभरातच शासन निर्णय काढून तो रद्द केला. निवड समितीही बरखास्त केली. त्याच्या निषेधार्थ प्रज्ञा दया पवार यांच्यासह अनेकांनी शासकीय मंडळांचे राजीनामे दिले. शरद बाविस्कर, आनंद करंदीकर यांनी आपले पुरस्कार नाकारले. तात्पर्य, ज्याच्या हातात तिजोरीची किल्ली, त्याच्याच हातात परीक्षकाची मान, असा हा व्यवहार आहे.

म्हणूनच लोकवर्गणीतून आणि खासगी देणग्यांतून चालणाऱ्या न्यासांचे मोल मोठे आहे. अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या महाराष्ट्र फाउंडेशनने १९९४ पासून साहित्य पुरस्कार सुरू केले. इथले संयोजन पुढे पुण्याच्या साधना ट्रस्टने सांभाळले. दया पवारांच्या नावाने त्यांच्या पश्चात प्रतिष्ठान उभे राहिले. गंगाधर पानतावणे यांनी १९६७ पासून 'अस्मितादर्श' चालवून पुरस्कारापेक्षा मोठे काम केले : नवख्या लेखकाचे हस्तलिखित छापले. आज दलित साहित्यात ज्यांची नावे आदराने घेतली जातात, त्यांतल्या कितीतरी जणांचे पहिले लेखन हाताने लिहिलेल्या कागदाच्या रूपातच संपादकाच्या टेबलावर आले होते. त्यांना कोणी चार छापील प्रती मागितल्या असत्या तर?

ही जाणीव मला घरी बसून झाली नाही. तिच्यासाठी वाढवणला जावे लागले. वाढवणचे नाव आता देशभर झाले आहे, ते बंदरामुळे. डहाणू तालुका १९९१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले आणि १९९८ मध्ये त्याच प्राधिकरणाने बंदराला नकार दिला. पुढे पंचवीस वर्षांनी, ३१ जुलै २०२३ रोजी, त्याच प्राधिकरणाने ना हरकत दिली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचे हे बंदर मंजूर केले आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. समुद्रात चौदाशे हेक्टरांहून अधिक भराव घालायचा आहे. 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द' ही घोषणा किनाऱ्यावरच्या गावागावांतल्या भिंतींवर लिहिलेली आहे.

वाणगाव स्टेशनला उतरून मी रिक्षेने गावात गेलो, ते चळवळीतल्या एका मित्रासोबत, आंदोलकांची भेट घ्यायला. तिथे एका घरात ती वही पुन्हा दिसली. माझ्या नावाची चिठ्ठी अजून तिच्यातच होती. मुलगी दिवसा दागिन्यांचे डाय बनविण्याच्या घरगुती कारखान्यात काम करते; या पट्ट्यात हा धंदा घरोघरी आहे. ती म्हणाली, "सर, तुम्ही उत्तर तरी पाठवलेत. बाकीच्यांनी तेही नाही पाठवले." तिने हे उपरोधाने म्हटले नव्हते, म्हणून ते जास्त लागले.

आजी पडवीत जाळे दुरुस्त करीत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "दादा, छापलं नाय म्हणून ते खोटं का?"

मी काय उत्तर देणार? त्या वहीत ज्या खडपांची नावे आहेत, तिथे पिढ्यानपिढ्या शेवंड पकडली जाते. तिथे भराव पडला तर त्या नावांना चिकटलेली जागाच उरणार नाही. प्रकल्पाच्या अहवालात तिथल्या पाण्याची खोली मीटरमध्ये असते. तिला लोक काय म्हणतात, हे त्यात नसते. कोर्टकचेरीत हा समुद्र आमचा आहे असे सांगताना मच्छीमाराकडे सातबारा नसतो. त्याच्याकडे असतात ती ही नावे. ती लिहून ठेवणे हे साहित्याचेच काम आहे आणि मी ते 'अपात्र' म्हणून परत पाठवले होते.

डहाणू-तलासरीच्या भूमीला पुरस्कार नवा नाही. वारली उठावाची हकिगत सांगणाऱ्या गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. वेठबिगारी आणि लग्नगडी यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांची ती कहाणी आहे. पण जी माणसे १९४५ मध्ये जागी झाली, त्यांच्या नातवंडांनी स्वतः लिहिलेले किती लेखन पुरस्कारांच्या टेबलापर्यंत पोचू शकले, हा प्रश्न प्रत्येक समन्वयकाने आपली नोंदवही उघडून स्वतःला विचारावा. मी विचारला, तेव्हा मान खाली गेली.

डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्र जगभर गेले, कारण चित्राला छापखाना लागत नाही आणि भाषांतरही लागत नाही. पण हे चित्र मुळात कुठले? वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक काढला जातो आणि धवलेरी गाणी गाते. धवलेरी ही बाई असते आणि परंपरेने लग्न तीच लावते. तिथे भटजीचे काम नसते. जोतीरावांनी १८७३ मध्ये सत्यशोधक पद्धतीने जे सुरू केले, ते वारली पाड्यांवर आपल्या रीतीने चालतच होते. चौकाला आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाला. त्याच भिंतीसमोर बसून गाणाऱ्या धवलेरीचे गाणे मात्र कुठल्याच साहित्य पुरस्काराच्या नियमात बसत नाही. कारण तिच्याकडे पुस्तक नाही, प्रकाशक नाही आणि किंमतही नाही. १९९० मध्ये पालघरला झालेल्या आदिवासी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून वाहरू सोनवणे यांनी हाच मुद्दा मांडला होता की, लिहिलेले तेवढेच साहित्य ही व्याख्या आदिवासींना बाहेर ठेवते. त्याला तीन दशकांहून अधिक काळ लोटला. आमच्या नियमावलीने तो ऐकलाच नव्हता.

परत आल्यावर मी विश्वस्तांच्या बैठकीत नियम बदलण्याचा विषय ठेवला. विरोध झाला. खजिनदार म्हणाले, उद्या कोणीही काहीही खरडून पाठवेल, परीक्षकांनी किती वाचायचे? दुसरे म्हणाले, लेखापरीक्षकाला काय सांगायचे? या शंका अप्रामाणिक नव्हत्या. आयुष्यभर एक-एक रुपयाचा हिशेब दिलेली ही माणसे आहेत. मी न्यासाची घटना वाचून दाखवली. तिच्यात उपेक्षितांच्या साहित्याला उत्तेजन देणे, असा उद्देश लिहिलेला आहे. छापील हा शब्द त्यात कुठेही नाही. सार्वजनिक न्यासांचा कायदा उद्देशाप्रमाणे खर्च झाला का, एवढे विचारतो. चार प्रतींची अट कायद्याची नव्हती, आपणच ती घालून घेतली होती.

दोन बैठकांनंतर नियम बदलला. आता हस्तलिखित चालते, एकच प्रत चालते, आणि लिहिता न येणाऱ्याचे बोलणे दुसऱ्याने उतरवून पाठवले तरी चालते. हस्तलिखिताला रोख रकमेऐवजी छपाईचा खर्च द्यायचा, असे ठरले. शाल आणि श्रीफळ आमच्याकडे पूर्वीपासूनच नव्हते. भारतीय संविधानाची प्रत देतो. त्या पाचपन्नास रुपयांच्या बचतीत छपाई होत नाही, म्हणून सभागृहाचे भाडे वाचवायला समारंभ बुद्धविहारात घ्यायचे ठरले.

नवा नियम घेऊन मी त्या मुलीला फोन केला. तिने विचारले, "सर, अर्जात लेखकाचे नाव एकच लिहायचे का?" मी अर्ज पाहिला. एकच ओळ होती. तिला आजीचे नाव आधी आणि आपले नंतर हवे होते. सांगणारी आजी आणि लिहिणारी ती. प्रस्थापितांच्या संग्रहात सांगणाऱ्याचे नाव प्रस्तावनेत आभारापुरते येते, मुखपृष्ठावर संकलकाचे. अर्जावर दुसरी ओळ वाढवायला मला पेन्सिल आणि पट्टी पुरली. ही ओळ इतकी वर्षे नव्हती, हे कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

वही अजून छापलेली नाही. परीक्षकांकडे ती इतर लेखनाबरोबर गेली आहे आणि तिला पुरस्कार मिळेल की नाही, हे मला ठाऊक नाही. समन्वयकाने ते ठरवायचेही नसते. ती दारातून आत आली, एवढेच माझे काम होते आणि ते मी उशिरा केले.

आज महाराष्ट्रात गावोगावी फुले, शाहू, आंबेडकर, रमाई, अण्णा भाऊ यांच्या नावाने पुरस्कार देणाऱ्या आपल्या संस्था आहेत. त्यांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. पुढची जाहिरात काढण्यापूर्वी आपली नियमावली एकदा समोर घ्या. ती कोणावरून उतरवली आहे ते पाहा. त्यातला प्रत्येक नियम वाढवणच्या पडवीत, तलासरीच्या पाड्यावर, वीटभट्टीवर आणि ऊसतोड कामगारांच्या कोपीवर नेऊन वाचून दाखवा आणि विचारा की, हा नियम पाळून तुम्हाला आत येता येईल का? येता येत नसेल, तर तो नियम खोडा. परीक्षक नेमताना त्या बोलीचा एक तरी माणूस घ्या. नाकारलेल्या लेखकाला छापील चिठ्ठी न पाठवता, का नाकारले हे हाताने लिहून कळवा. आणि हे काम करणाऱ्या समन्वयकाने वर्षातून एकदा तरी टेबल सोडून, ज्या गावाहून काहीच आले नाही अशा गावी स्वतः जावे. भाड्याची पावती जोडायला मात्र विसरू नये, खजिनदार मागतातच.

जयभीम!